कशावरून?

आम्ही सहावी, सातवी आणि आठवीला इतिहास शिकवतो. आमच्यातले काही जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत, काही शहरांतल्या अनुदानित शाळांत, काही आश्रमशाळांत. इतिहास घेऊन पदवी मिळवलेले आमच्यात थोडेच. बहुतेकांच्या वाट्याला हा विषय जूनमध्ये वेळापत्रक भरताना आला. गणित, विज्ञान, इंग्रजी वाटून झाले आणि ज्यांचे तास कमी भरत होते त्यांच्या नावापुढे इतिहास लागला. काही वर्षे आम्ही तो मिळाला तसाच शिकवला. धडा वाचून घेतला, स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर लिहून दिली, सनावळ्या पाठ करून घेतल्या. यापुढे आम्ही तो तसा शिकवणार नाही, हे सांगण्यासाठी हा जाहीरनामा.

बालभारतीच्या पुस्तकांतला एक धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्याचे नाव ‘इतिहासाची साधने’. सहावीत तो आहे, सातवीत पहिलाच आहे, आठवीतही पहिलाच. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. नाणी, ताम्रपट, बखरी, ओव्या, पोवाडे. पुस्तक करणाऱ्यांनी तीन वर्षांत तीनदा तोच विषय घेतला, म्हणजे त्यांना तो पाया वाटला असणार. आम्ही त्याचा तक्ता केला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. परीक्षेत ‘मौखिक साधनांची दोन उदाहरणे लिहा’ असे आले, मुलांनी ओवी आणि पोवाडा असे लिहिले आणि त्यांना पूर्ण गुण मिळाले. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरी पहाटे उठून जात्यावर दळलेली आजी बसलेली होती. तिला कोणी काही विचारले नाही. विचारायला आम्ही सांगितलेच नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे : सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीने दरवर्षी निदान एक खरे साधन स्वतः पाहावे, हाताळावे, त्याला प्रश्न विचारावेत, आणि मिळालेले उत्तर ‘कशावरून?’ या प्रश्नापुढे उभे करावे. बाकी सारे त्यातून निघते.

हे वयच या प्रश्नाचे आहे. चौथीतल्या मुलाला शिवछत्रपतींची गोष्ट सांगितली की ते गोष्टीत शिरते, घोड्यावर बसते, गड चढते. तसेच व्हायला हवे. सहावीत तेच मूल मान वर करून विचारते, ‘‘बाई, हे खरंच असं झालं होतं? कशावरून?’’ आम्ही उत्तर देतो, ‘‘पुस्तकात दिलंय.’’ एकदा, दोनदा, तीनदा असे उत्तर मिळाले की मूल विचारायचे थांबते. मग आठवीत आम्हीच म्हणतो की मुलांना इतिहासात रस नाही. रस होता. तो आमच्या वर्गात आटला.

आणि ‘कशावरून?’ला उत्तर नसते असे थोडेच आहे? सातवीच्या वर्गात शिवजन्माच्या तारखेचाच प्रश्न घेऊन पाहा. एकेकाळी बखरींच्या आधारे १६२७ हे वर्ष सर्वत्र मानले जाई. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे घटनांची वर्षवार नोंद, उजेडात आली, लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. अभ्यासकांचा वाद पुष्कळ वर्षे चालला आणि अखेर शासनानेही ही तारीख स्वीकारली. हे प्रकरण मुलांपुढे तारीख म्हणून ठेवले तर ते एका गुणाचे आहे. पुरावा म्हणून ठेवले तर तास पुरत नाही. बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? शकावली कोण लिहीत असे, आणि कशासाठी? दोन कागद वेगळे बोलत असतील तर कोणाचे ऐकायचे? आमच्यापैकी ज्यांनी हा तास घेतला त्यांचा अनुभव असा की एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलेही इथे हात वर करतात. महाराजांविषयीचे त्यांचे प्रेम यामुळे कमी होत नाही. त्यांच्या जन्माची तिथी ठरवायला लोक इतके झटले, हे कळल्यावर ते वाढते.

महाराष्ट्राचा इतिहास पायी फिरून गोळा झालेला आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची आणि कोनाड्यांतली दप्तरे त्यांनी मिनतवाऱ्या करून मिळवली, नकलून घेतली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड उभे राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमच्या मुलांनी यांच्याएवढे काम करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण हे काम कसे चालते, त्याची चव त्यांना आपल्या गल्लीत, आपल्या वेशीत मिळू शकते.

किल्ल्यापासून सुरुवात करू, कारण तिथे मुलांनी आमच्यासाठी थांबणे केव्हाच सोडले आहे. दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात, इमारतीच्या जिन्याखाली, मैदानाच्या कडेला दगडविटा रचल्या जातात, वर गोणपाट, त्यावर चिखल, त्यात हळीव किंवा मोहरी पेरायची आणि पाणी शिंपडत राहायचे. बाजारातून मावळे येतात, सिंहासनावर महाराज बसतात, गुहेत वाघ ठेवला जातो. कोणी सांगत नाही, कोणी गुण देत नाही, आणि मुले चार दिवस हात धुवायला विसरतात. महाराष्ट्रातला इतिहासाचा सगळ्यांत मोठा वर्ग शाळा बंद असताना भरतो. शाळा उघडली की त्याविषयी एक शब्दही निघत नाही.

या किल्ल्यापाशी जाऊन आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे : वर पाणी कुठून येणार? एवढे विचारले की खेळ बदलतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहण्याची आज्ञा आहे. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून खडकात टाकी खोदून पाणी राखावे, असे त्यात बजावले आहे. हे तेरा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. तो आपल्या चिखलाच्या किल्ल्यावर टाके खणू लागतो. मग पुढचे प्रश्न तोच काढतो. दरवाजा समोर ठेवला तर हत्ती धडक देईल, मग रायगडचा महादरवाजा बुरुजांच्या आड का दडवला आहे? राजगडाला तीन माच्या आणि वर बालेकिल्ला, म्हणजे शत्रू एका माचीवर आला तरी गड पडत कसा नाही? सिंधुदुर्ग चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात आहे, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! धान्य कुठे ठेवायचे? सहाशे माणसांना वेढ्यात चार महिने पुरेल एवढे धान्य म्हणजे किती? इथे गणिताच्या सरांनाही बोलवावे लागते.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. शाळाशाळांत त्याचे फलक लागले, भाषणे झाली. आम्हाला वाटते की त्या बारांपैकी एक किल्ला प्रत्येक शाळेने दिवाळीआधी नकाशा घेऊन, पाण्याच्या टाक्यांसह, चढणीच्या वाटांसह मातीत उभा करावा. सहल निघाली तर उत्तमच. नाही निघाली तरी माती फुकट आहे.

किल्ला नसलेल्या गावातही दगड बोलतात. मारुतीच्या किंवा शिवाच्या देवळामागे, वेशीपाशी, पिंपळाच्या पारावर उभे केलेले नक्षीचे दगड आपण रोज पाहतो. काहींना शेंदूर लागलेला असतो, काहींवर कपडे वाळत घातलेले असतात. हे वीरगळ आहेत. बहुधा सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत वीराला अप्सरा स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि अगदी वर चंद्र-सूर्य असतात : ते आहेत तोवर याची आठवण राहो. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील तर हा माणूस गावची गुरे वाचवताना पडला असावा. एवढे मुलांना सांगितले की रोजचा दगड वाचता येतो. शेजारी कोपरापासूनचा हात आणि बांगड्या कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. तिच्यापाशी उभे राहून मुली जे प्रश्न विचारतात त्यांची तयारी बाईंनी आधी करून जावी. दगडाकडे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. त्यावर खडू, पीठ, तेल काही लावायचे नाही. पाहायचे, मोजायचे, वहीत काढायचे. आणि चित्राखाली दोन रकाने : मला काय दिसले, मी काय ताडले. हे दोन रकाने वेगळे ठेवायला शिकलेले मूल पुढे मोबाइलवर आलेला कुठलाही संदेश वाचताना आयुष्यभर तसेच वाचील, अशी आम्हाला आशा आहे.

आता शाळेच्या कपाटाकडे या. राज्यात शंभरी ओलांडलेल्या प्राथमिक शाळा पुष्कळ आहेत. त्यांच्या कार्यालयात, लोखंडी कपाटात, कापडात बांधलेले जनरल रजिस्टर असते. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही रजिस्टरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मान आला, मराठवाड्यात जुन्या उर्दू नोंदी वाचून घेण्यासाठी जाणती माणसे शोधावी लागली. जुना कागद माणसाच्या आयुष्याला कसा भिडतो हे साऱ्या राज्याने पाहिले. मुलांनीही ते पाहिले. वर्गात मात्र त्यावर कोणी बोलले नाही.

या रजिस्टरातून आम्हाला एक गोष्ट वर्गात आणायची आहे. पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा १८४८ मध्ये काढली, हे आठवीचे प्रत्येक मूल सांगते. आपल्या शाळेत पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? हा प्रश्न आम्ही आमच्या शाळांत विचारला तेव्हा कोणालाच उत्तर माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते. पाने उलटली. ओळीमागून ओळी मुलग्यांच्या, आणि मग एका ओळीत एक मुलगी. १८४८ पासून त्या ओळीपर्यंतचे अंतर फळ्यावर वजाबाकी करून काढले तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती आम्ही विसरणार नाही. रजिस्टरात पुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. तोही वाचला.

यात एक पथ्य आहे. रजिस्टर मुलांच्या हाती द्यायचे नाही. त्यात जाती आहेत, घराण्यांची नावे आहेत, नापास झाल्याच्या नोंदी आहेत. शिक्षकांनी आधी स्वतः पाहून फक्त वर्षे आणि संख्या फळ्यावर आणाव्यात.

मौखिक साधनांसाठी कुठे जायलाच नको. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले, पाझर तलावांवर पाट्या वाहिलेले आजीआजोबा अजून आहेत. दहा वर्षांनी किती असतील? ‘दुष्काळ कसा होता?’ असे विचारले तर ‘लई वाईट’ एवढेच उत्तर येते. कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात, सुकडी कशी लागायची, मिलोची भाकरी थापताना तुटायची का, लहान भावंडाला कुठे ठेवायचात, मजुरी कोण मोजून द्यायचे, असे विचारले की आजी सावरून बसते. मुलांनी हे लिहून आणले की दोन आज्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणते मजुरी आठवड्याला मिळे, दुसरी म्हणते महिना महिना मिळत नसे. कोण खरे? कदाचित दोघी. कामे वेगळी, मुकादम वेगळे. इथे मूल पहिल्यांदा शिकते की आठवण हे साधन आहे आणि तेही तपासावे लागते. मग त्याच अनुभवातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला हे वाक्य येते, आणि ते वाक्य त्याच्या घरचे असते.

गिरणगावच्या शाळेत हेच काम १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे होईल. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचे. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत सुटलेल्या गावाचे. बेळगावच्या, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत ते आणखी वेगळे होईल.

सहावीला इतकी जवळची साधने पुरत नाहीत, हडप्पासारखा फार जुना काळ शिकवायचा असतो. तिथे एक जुना माठ फोडा. खापऱ्या, थोडा कोळसा, दोन मणी, एखादे हाड मोठ्या खोक्यात मातीच्या थरांत पुरा आणि मुलांना ब्रशने, चमच्याने वरून खाली काढू द्या. खालचे आधीचे, वरचे नंतरचे, ही गोष्ट हातांना कळते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असे उत्खनन केले ते याच शिस्तीने. तिथे घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या भांड्यांत पुरलेली तान्ही बाळे सापडली. बाळाला घराबाहेर का नेले नसेल? आम्ही हे मुलांना विचारतो, उत्तर सांगत नाही, कारण नक्की उत्तर आमच्याकडेही नाही.

सर्जनशील अध्यापन म्हणून सध्या जे चालते त्यातल्या बऱ्याच गोष्टींशी आमचे जमत नाही, हे स्पष्ट सांगतो. थर्माकोलची प्रतिकृती पालकांनी रात्री जागून केलेली असते. स्टेशनरीच्या दुकानातला चित्रांचा तक्ता कापून चिकटवला की प्रकल्प पुरा होतो. जयंतीला चिमुकले शिवराय आणि चिमुकल्या जिजाऊ व्यासपीठावर येतात, फोटो निघतात. यांतले काही गोड आहे, काही निरुपद्रवी आहे, पण त्यात मूल एकही प्रश्न विचारत नाही. तंत्र कितीही रंगीत असले तरी ‘कशावरून?’ला जागा नसेल तर ती घोकंपट्टीच आहे, फक्त रंगवलेली.

नाट्यीकरणाबाबत तर आम्ही सावध आहोत. बारा बलुतेदार शिकवताना ‘तुमच्या घरचा परंपरेचा व्यवसाय सांगा’ असा उपक्रम दिला की कोणत्या मुलाची मान खाली जाते हे आम्ही पाहिले आहे. एकदा पाहिले आणि पुन्हा कधी दिला नाही. महाडच्या सत्याग्रहाचे नाटक बसवताना कोणाला कोणती भूमिका मिळते, मधल्या सुट्टीत ती भूमिका त्याच्या नावाला कशी चिकटते, याचा विचार न करणाऱ्या शिक्षकाने ते नाटक बसवू नये. त्याऐवजी चार तारखा चार चिठ्ठ्यांवर द्या. १९२३ : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत. १९२४ : महाड नगरपालिका चवदार तळे खुले करते. २० मार्च १९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्याचे पाणी पितात. १९३७ : उच्च न्यायालयाचा निकाल लागतो. आणि विचारा : तळे १९२४ मध्येच खुले झाले होते, तर १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला? आणि त्यानंतर न्यायालयात दहा वर्षे का लागली? या प्रश्नावर आठवीचा वर्ग जोडतासभर बोलतो. कायदा आणि समाज यांच्यातले अंतर नागरिकशास्त्राचे दहा धडे जेवढे दाखवत नाहीत तेवढे या चिठ्ठ्या दाखवतात.

परीक्षेचे काय, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक शिक्षण परिषदेत विचारला जातो. आकारिक मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प, तोंडी काम यांना जागा आहे. ती जागा आम्ही आजवर स्वाध्यायाच्या वह्या तपासून भरली. संकलित परीक्षेत आम्हाला एक प्रश्न हवा : मुलांनी आधी न पाहिलेले एक साधन, एखाद्या नाण्याचे चित्र, पत्राचा उतारा, वीरगळाचा फोटो, आणि खाली तीन ओळी. काय दिसते, काय ताडता, कशावरून. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात खेड्यांतली मुले पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत होती. विचार तपासायचा असला की पुस्तक बंद करायची गरज पडत नाही, हे तिथे दिसले.

मुख्याध्यापकांकडे आम्ही महिन्याला इतिहासाचा एक जोडतास मागतो, आणि मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर, हाकेच्या अंतरावर नेण्याची परवानगी. पालकांकडे मागतो ती घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी अर्ध्या तासाची सवड. स्थानिक अभ्यासक, मोडी जाणणारे, पुरातत्त्व शिकलेले तरुण यांनी वर्षातून एकदा आमच्या वर्गात यावे. भाषण नको, एक वस्तू आणि एक प्रश्न घेऊन या. पैसे कोणाकडेच मागत नाही.

आम्हाला अजून सगळे जमत नाही. साठ मुलांच्या वर्गात उत्खननाचे खोके कसे फिरवायचे, एकशिक्षकी शाळेत फाटकाबाहेर कोणाला न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे, आश्रमशाळेतल्या मुलाला आजीला विचारायला घरी पाठवायचे कसे, यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते पहिल्या बैठकीत बोलायचे आहेत.

त्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहून यावे. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, किती वर्षे शिकली, आणि शाळा सोडल्याचे कारण काय लिहिले आहे, एवढे एका कागदावर लिहून आणावे. नाव लिहू नये. कारणाचा रकाना कोरा असेल, तर तो कोरा आहे, असे लिहावे.